कयाकवरून मासेमारी: जॅकेटवर कोणता चाकू, काठावर कोणता?

कयाकवर एकच चाकू न्यायचा असेल, तर तो मासा कापायचा नसावा. ऑनलाइन ‘फिशिंग नाइफ’ शोधलं की बहुतेक वेळा लांब, टोकदार, लवचीक पात्याचे फिले करायचे, म्हणजे काट्यांवरून मांसाचा सपाट तुकडा सोडवायचे, चाकू समोर येतात. पाण्यात पडलेल्या, दोरीत पाय अडकलेल्या माणसाच्या हातात असं पातं म्हणजे दुसरं संकट. साताऱ्याकडच्या धोम, कण्हेर, उरमोडी या जलाशयांवर प्लास्टिकची किंवा हवेची कयाक घेऊन जाणाऱ्यांनी दोन वेगळे चाकू घ्यावेत: एक लाइफ जॅकेटवर कायम टांगलेला, दुसरा काठावरच्या पिशवीत राहणारा. दोन्हींची पारख वेगळी आहे, म्हणून इथे दोन्हींचा विचार वेगळा केला आहे.

आधी माणूस कशात अडकतो ते पाहू, कारण चाकूची निवड त्यावरच ठरते. आपल्याकडच्या धरणांत सगळ्यात मोठा धोका तंगूसाच्या, म्हणजे एकसंध नायलॉन धाग्याच्या, जाळ्यांचा आहे. जाळी सहसा संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात. खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली तरंगत असते आणि पहाटेच्या अर्धवट उजेडात ती दिसत नाही. वल्ह्याचं पातं, कयाकचा दिशा धरणारा मागचा पंखा, पायाच्या पेडलवर चालणारी कयाक असेल तर तिचे खालचे पंख जाळ्यात सहज गुंततात. दुसरा धोका आपल्याच गळाच्या दोरीचा. हल्ली जवळजवळ सगळे ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, वापरतात. ती ताणली तरी तुटत नाही आणि बोटाभोवती बसली तर कातडीत रुतते. तिसरा नांगराच्या दोरीचा: वारा फिरला, नांगर बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकला, की दोरी ताठ होऊन कयाक आडवी ओढली जाते आणि कलंडते. वाहत्या पाण्यात तर नांगर टाकूच नये.

जाळ्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ते जाळं मच्छीमार सोसायटीच्या कुणा सभासदाचं पोट आहे. पंखा गुंतला तर कयाक मागे घ्यावी, हाताने सोडवावं, गरज पडली तर आपला गळ कापून टाकावा. चाकू जाळ्याला लावायचा तो फक्त माणूस पाण्यात असताना आणि हातपाय गुंतलेले असताना. मग काठावर येऊन जाळ्याच्या मालकाला सांगून भरपाई द्यावी. पाण्यात उतरण्याआधी सोसायटीची परवानगी घेतलेली असली, तर जाळी कुठे लावली आहेत हेही तिथेच कळतं.

जॅकेटवरच्या चाकूचं पातं अडीच ते तीन इंचांचं पुरे. टोक बोथट, चौकोनी किंवा गोल हवं. हेलकावणाऱ्या पाण्यात, हात थरथरत असताना, छातीजवळून चाकू काढून मांडीजवळची दोरी कापायची असते. टोकदार पातं आधी जॅकेटमध्ये, मांडीत किंवा हवेच्या कयाकच्या नळीत जातं. हवेच्या कयाकवाल्यांनी ही अट अजिबात सोडू नये. कडक प्लास्टिकच्या कयाकवर चाकू निसटला तर ओरखडा पडतो, पीव्हीसीच्या नळीत गेला तर उरलेल्या हवेवर काठ गाठावा लागतो.

धारेची निम्मी तरी लांबी दातेरी हवी. ब्रेडचे धागे इतके गुळगुळीत असतात की गुळगुळीत धार त्यांच्यावरून घसरते. दाते त्यांना धरून ठेवतात आणि मग ओढीत तुटतात. ओल्या नायलॉन दोरीचंही तसंच. याउलट ताणलेल्या तंगूसाला साधी धारही लगेच तोडते. म्हणून एका बाजूला साधी आणि दुसऱ्या बाजूला दातेरी धार असलेलं पातं सोयीचं. फक्त अशा पात्याच्या पाठीवर अंगठा टेकवून जोर देता येत नाही, ही सवय मोडायला वेळ लागतो.

म्यानाकडे पात्याइतकंच लक्ष द्यावं. जॅकेटवर चाकू बहुतेक उलटा, मूठ खाली करून लावला जातो. नुसत्या घर्षणावर धरणारं म्यान त्या अवस्थेत चालत नाही. दोन बोटांनी दाबल्यावर सुटणारी खटकी असावी, ती थंड ओल्या बोटांना सापडावी आणि म्यानाच्या तळाला पाणी गळायला भोक असावं.

या कसोट्यांवर ‘एनआरएस पायलट’ सगळ्यात पुढे आहे. टोक बोथट, एक धार साधी, दुसरी दातेरी, बारीक दोरी तोडायला पात्यात आकड्यासारखी खाच, आणि दाबून सोडायची खटकी असलेलं म्यान. हा चाकू नदीवरच्या बचावासाठीच घडवलेला आहे आणि ते हातात घेताच जाणवतं. ‘गर्बर रिव्हर शॉर्टी’ त्याच जातीचा आहे: तीन इंचांचं पातं, बोथट टोक, दोन्ही प्रकारच्या धारा. दोन्ही आपल्याकडे बहुधा मागवूनच घ्यावे लागतात आणि आयात मालाच्या किमती वरखाली होतात. एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर या चाकूवर करावा. फिलेचा चाकू स्वस्तातला चालून जातो.

स्वीडनचा ‘मोरा कंपॅनियन’ अनेकजण सुचवतात. चाकू म्हणून तो उत्कृष्ट आहे: जवळपास १०४ मिमी लांब आणि २.५ मिमी जाड पातं, ओल्या हातात घट्ट बसणारी रबरी मूठ, धुवायला सोपं प्लास्टिकचं म्यान. तो कार्बन पोलादातही मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. पाण्यासाठी स्टेनलेसच घ्यावा. पण टोक अणकुचीदार आहे, दाते नाहीत आणि म्यान घर्षणावरच धरतं. काठावर लाकूड तासायला, आमिष कापायला, दोऱ्या तोडायला तो जरूर घ्यावा. जॅकेटवर उलटा टांगायला नाही.

कमी खर्चात काम भागवायचं तर व्हिक्टोरिनॉक्सचा टोमॅटो कापायचा छोटा चाकू पाहावा. ११ सेंमीचं दातेरी पातं, टोक गोल, आणि भांड्यांच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. ब्रेड, तंगूस, जॅकेटचा पट्टा हे सगळं तो पटकन तोडतो. पातं पातळ असल्यामुळे जाड दोरीवर पिळू नये, वाकतं. खरी अडचण अशी की त्याला म्यान नसतं. पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून दोन फळ्यांत दाबला की चपटं म्यान तयार होतं. हे काम उघड्यावर, धुरापासून लांब राहून करावं, प्लास्टिक जळेपर्यंत तापवू नये. तळाला भोक पाडावं, तोंडाशी रबरी पट्टा अडकवावा आणि तो पट्टा एका हाताने निघतो की नाही हे काठावर तपासावं.

गाडीच्या काच फोडायच्या हातोडीला जो सीटबेल्ट कटर असतो, तो बऱ्याच जणांच्या जॅकेटच्या खिशात दिसतो. पट्टा आणि गळाची दोरी त्याने तुटते. नांगराची सहा-आठ मिमी दोरी त्याच्या चिंचोळ्या तोंडात जातच नाही, आणि आतलं ब्लेड साधं असल्यामुळे एका पावसाळ्यात गंजतं. जोडीला ठेवायला हरकत नाही, भिस्त त्याच्यावर नको. घडीचे चाकूही टाळावेत, मग ते स्पायडर्कोच्या सॉल्ट मालिकेतले का असेनात. त्यांचं पोलाद खाऱ्या पाण्यातही जवळपास गंजत नाही. समुद्रावर त्याला पर्याय कमी आहेत, पण आपल्या गोड्या पाण्यात एवढ्या पोलादाची गरज नाही, आणि बुडताना एका हाताने पातं उघडणं ही भरवशाची गोष्ट नाही.

त्यापेक्षा जखमेवरचं बँडेज आणि कपडे कापायची वाकडी कात्री घ्यावी. खालच्या पात्याचं टोक चपटं असतं, त्यामुळे ती कातडीलगत सरकवता येते. जाळ्यात गुंतलेला पाय सोडवायला तिच्याइतकं सुरक्षित साधन नाही. मिरजेला दवाखान्यांभोवतीच्या सर्जिकल सामानाच्या दुकानांत ती सहज मिळते. पाण्यावर दोरी तोडणं, आमिषाचे तुकडे करणं ही रोजची कामंही तिनेच करावीत, म्हणजे जॅकेटवरच्या चाकूची धार खऱ्या वेळेसाठी राखली जाते.

चाकू लावायची जागा म्हणजे छातीचा वरचा भाग, खांद्याच्या पट्ट्याखाली. चांगल्या कयाक जॅकेटवर तिथे चार फटींचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा शिवलेला असतो, म्यानाची क्लिप त्यात जाते. क्लिपवर विसंबू नये, केबल टायने फुली मारून बांधावं. आपल्याकडच्या स्वस्त केशरी जॅकेटला ही सोय नसते. तिथे म्यान खांद्याच्या रुंद पट्ट्याला वरून आणि खालून असे दोन केबल टाय लावून बसवावं. मग जॅकेट घालून, कयाकमध्ये बसून, डोळे मिटून आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने चाकू काढून पाहावा. एका हाताला जरी चाचपडावं लागलं, तरी जागा बदलावी. कमरेला चाकू लावला तर कयाकची खुर्ची आणि जॅकेटचा खालचा भाग आड येतो. या चाकूला लांब दोरी बांधू नये, संकटात तीच आणखी एक गुंतणारी दोरी होते. पडला तर दिसावा म्हणून मूठ पिवळी किंवा केशरी निवडावी.

कापायची रीतही शिकून घ्यावी. दोरी ताणलेली असेल तर एक ओढ पुरते. ढिली असेल तर वरून घासत बसू नये. दोरीची दुमड करून पातं त्या दुमडीत घालावं आणि आपल्यापासून लांब ओढावं. धार नेहमी शरीराच्या आणि हवेच्या नळीच्या विरुद्ध दिशेला असावी.

आता फिलेचा चाकू. तो निवडताना पात्याआधी मासा पाहावा, कारण परदेशी माहितीपत्रकांतले मासे आपल्या धरणात नाहीत. इथे मिळतात ते कटला, रोहू, मृगळ, चिलापी, मरळ, शिंगाळा, शिवडा. यातल्या चिलापी, मरळ आणि शिंगाळा-शिवड्यांची फिले सरळ निघते. कार्प जातीच्या माशांच्या, म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक दुभंगलेले काटे असतात. ते पाठीच्या कण्याला जोडलेले नसून मांसातच रुतलेले असतात, त्यामुळे कितीही महाग चाकू असला तरी फिले काढताना ते निघत नाहीत. पहिल्यांदा फिलेचा चाकू घेणारे बरेच जण इथेच निराश होतात, आणि त्यात चाकूचा दोष नसतो.

कार्पसाठी उपाय वेगळा आहे. खवले काढून मांसाची बाजू कण्यावरून उतरवायची आणि मांसावर तीन-चार मिलिमीटर अंतराने आडव्या खाचा द्यायच्या. खाच कातडीपर्यंत जावी, कातडी मात्र तुटू नये. असा तुकडा रवा लावून कडक तेलात तळला की बारीक काट्यांचे तुकडे कुरकुरीत होऊन मांसासोबत खाल्ले जातात. या खाचांना लवचीक पातं निरुपयोगी, कारण ते काट्यावर आदळून वळतं. ताठ, पातळ आणि फार धारदार पातं लागतं. मोरा कंपॅनियन इथे उपयोगी पडतो.

कटल्याचं डोकं आणि कणा फिलेच्या चाकूने कधीच तोडू नये. एका बाजूला जेमतेम १५ अंशांची धार असलेलं पातळ पातं हाडावर गेलं की धार दुमडते किंवा तिच्यात बारीक खाचा पडतात. कालवणाचे आडवे तुकडे करायला घरची विळी किंवा लोहाराकडचा जाड सुरा हवा. गाडीच्या कमानपाट्यापासून घडवलेला, नीट पाणी दिलेला, म्हणजे तापवून-बुडवून कठीण केलेला, सुरा सातारा-सांगलीच्या आठवडे बाजारांत अजूनही मिळतो आणि हाडावर फॅक्टरीच्या सुऱ्यापेक्षा सरस ठरतो. तो गंजतो, म्हणून धुऊन, कोरडा करून शेंगतेलाचं बोट फिरवून ठेवावा. त्याला स्टेनलेससारखा ओला टाकून दिला तर रात्रीत तांबूस होतो.

चिलापी बहुतेक किलोच्या आतली असते, तिला सहा इंचांचं पातं बरोबर. एक ते तीन किलोच्या मरळीला सात-साडेसात इंच. नऊ इंची पातं आपल्याकडे क्वचितच लागतं आणि लहान माशावर ते आवरत नाही. लवचीकता पाहायला पात्याचं टोक लाकडी फळीवर टेकवून हलकं दाबावं. पातं इंचभर वाकून सोडताच सरळ झालं तर ठीक. वाकलेलंच राहिलं तर पोलाद मऊ आहे, अजिबात वाकलं नाही तर तो चाकू फळं-भाज्यांचा आहे.

फिनलंडचा ‘रापाला फिश अँड फिले’ चार, सहा, साडेसात आणि नऊ इंचांत येतो. पातं निमुळतं, छान वळणारं, मरळीच्या कण्यालगत अगदी सफाईने जातं. मूठ बर्च लाकडाची आणि म्यान चामड्याचं आहे. कोरड्या हातात मूठ सुरेख बसते, चिकट हातात घसरते, आणि ओल्या चामड्यात पातं ठेवलं तर स्टेनलेसवरही ठिपके उठतात. घेतलात तर चामड्याचं म्यान घरी ठेवा, प्रवासात प्लास्टिकचं वापरा.

व्हिक्टोरिनॉक्सचा १६ किंवा १८ सेंमीचा लवचीक फिले चाकू रोजच्या कामाला जास्त समजूतदार निवड आहे. पोलाद मध्यम कठीण असल्यामुळे धार लवकर मवाळते, पण तितक्याच लवकर परतही येते. प्लास्टिकची खडबडीत मूठ माशाच्या बुळबुळीत हातातही धरून राहते आणि गरम पाण्याने खसखसून धुता येते. म्यान नसतं, त्यासाठी वर सांगितलेला पाइपचा उपाय.

मूठ कोणतीही असो, पात्याच्या मुळाशी बोट अडवणारा उंचवटा हवाच. फिलेच्या कामात बहुतेक जखमा हात मुठीवरून पात्यावर सरकून होतात. मरळ आणि वाम धरायला बोटांना चुलीची राख लावायची गावाकडची पद्धत आजही सगळ्यात चांगली. मासा धरणाऱ्या हातात काप-रोधक हातमोजा घालावा. त्याच्यावर ईएन ३८८ हा मानक आणि कापापासून बचावाची ए ते एफ पातळी छापलेली असते, सी किंवा वरची घ्यावी. असा मोजा घासून होणारा काप अडवतो, टोचलेलं टोक अडवत नाही. शिंगाळ्याच्या छातीजवळचे दोन दातेरी काटे मात्र आधी पक्कडीने तोडून टाकावेत. काटा किंवा चाकू लागलाच तर जखम लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. गोड्या पाण्यात एरोमोनाससारखे जिवाणू असतात. सूज किंवा लाली वाढताना दिसली तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं.

फिले कयाकवर करू नये, हे ठाम मत आहे. मांडीवर फळी, हातात सहा इंची उघडं पातं, खाली डुगडुगणारी कयाक, यात चूक व्हायला एक लाट पुरते. पाण्यावर एवढंच करावं: माशाच्या डोक्यात छोट्या दांडक्याने एक ठोसा, कात्रीने कल्ल्यांच्या कमानी तोडणं, आणि लगेच बर्फ. रक्त पिशवीत किंवा बादलीत जाऊ द्यावं. मरळ हवेत श्वास घेत बराच वेळ जिवंत राहते, म्हणून तिला ठोसा आधी, कात्री नंतर. एप्रिल-मेमध्ये किलोभर माशाला किलोभर बर्फ हा हिशेब धरावा.

सांगलीकडच्या कृष्णेचा प्रश्न वेगळा. भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. पाण्याच्या पातळीलगत बसणारी कयाक तिथे घालूच नये; काठावर मासा साफ करून आतडी नदीत टाकणंही तितकंच घातक. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा मोठा भाग अभयारण्याच्या हद्दीत येतो, चांदोली तर राष्ट्रीय उद्यानच आहे. तिथे गळ घेऊन जायचा विचार नको.

धार लावायला १००० ग्रिटचा ओला दगड पुरतो. १५ अंशांचा कोन अंदाजाने धरायचा तर २० मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून सुमारे ५ मिमी उचलावी. रस्त्यावर चाकावर धार लावणाऱ्यांकडे फिलेचा चाकू देऊ नये. पातळ धार चाकावर क्षणात तापते, कडेला निळी झाक येते आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. दाते घासायला निमुळती डायमंड कांडी लागते, आणि ती दात्यांना उतार असलेल्या बाजूनेच फिरवावी. सपाट बाजूला आलेली कूस, म्हणजे धातूची बारीक कड, एकदा हलकी पुसून काढली की झालं.

कायद्याचंही लक्षात असू द्या. शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी बनवलेले सोडून, शस्त्रांत मोडतात. वर सांगितलेल्यांपैकी कुठल्याच चाकूचं पातं नऊ इंचांच्या पुढे जात नाही. तरी एसटीने जाताना चाकू म्यानात, म्यान पिशवीत आणि पिशवी गळाच्या सामानासोबत ठेवावी.

मागवलेला चाकू हातात आला की परत करायची मुदत संपायच्या आत ओला करून पाहावा. सहा मिमी नायलॉन दोरी दहा मिनिटं बादलीत बुडवून झाडाला सैल बांधा, ३० पौंडी ब्रेडचे चार पदर एकत्र करा, जुन्या जॅकेटच्या किंवा दप्तराच्या पट्ट्याचा तुकडा घ्या. जॅकेटवरच्या चाकूने दोरी दुमडीत धरून तीन ओढींच्या आत तुटली पाहिजे, ब्रेड आणि पट्टा एकेका ओढीत. नंतर म्यान उलटं धरून जोरजोरात हलवा, जॅकेटसकट पाण्यात उडी मारल्यावर बसेल तेवढ्या झटक्याने. चाकू निसटला तर त्याच दिवशी परत पाठवा.